शामरावचा दात

परळला पेंटर चिंतामणीच्या दुकानात पाय ठेवला आणि मनमोहन तळपदे उंबऱ्यातच थबकला. समोर स्टुलावर शामराव उभा करून ठेवला होता. चांगला चार फूट उंच, तैलरंगात, मागे उगवतीचं आभाळ, नजर दूर कुठंतरी, मिशी कोरलेली, आणि ओठ गच्च मिटलेले. रंग अजून ओला होता. चिंतामणीनं ब्रश कानावर अडकवला, दोन पावलं मागे सरकून मान तिरकी केली आणि विचारलं, "कसा काय वाटतो?" मनमोहनला चटकन काही सुचेना. नाक बरोबर होतं, कपाळ बरोबर होतं, डाव्या भुवईतला व्रणसुद्धा होता. तरी हा माणूस रस्त्यात भेटला असता तर त्याला नमस्कार करून पुढे गेलो असतो, असं त्याला वाटलं, आणि शामरावला तर जन्मात कुणी नमस्कार केला नव्हता. "तोंड मिटलेलं आहे," तो म्हणाला. "मग?" चिंतामणी खेकसलाच, "हुतात्मा माणूस दात काढून बसेल काय? समितीनं सांगितलंय, करारी हवा. दोन दिवसांवर आलंय, मास्तर, आता नवी खोडी काढू नका." मनमोहननं मान हलवली, "छान झालंय" असं काहीतरी पुटपुटला आणि बाहेर आला.

बाहेर ऊन रणरणत होतं. गिरणीची पाळी सुटली होती, कमानी उभारायला बांबू आणून टाकले होते, तिरंगी पताकांच्या माळा अर्ध्या बांधून अर्ध्या रस्त्यावर लोळत होत्या. मराठी माणसांचं राज्य होणार होतं. मुंबईसकट. माणसं उगीचच एकमेकांकडे बघून हसत होती, आणि हा गृहस्थ त्यांच्यातून वाट काढत आपली जीभ आपल्याच पुढच्या दातावरून फिरवत होता. शामरावचा दात कसा तुटलेला होता? उजवा की डावा? नऊ वर्षं ज्या माणसाच्या समोर बसून वाजवलं, त्याचा तुटका दात कुठल्या बाजूला होता हे आठवू नये म्हणजे काय! त्यानं डोळे मिटून पाहिलं. डोळ्यांपुढं आला तो चिंतामणीचा शामराव, ओठ मिटलेला. पुन्हा पाहिलं. पुन्हा तोच. पलटणीत असताना शामराव ट्रकवरून पडला होता, ट्रंपेट तोंडाला लावलेली असतानाच, आणि तेव्हापासून दाताचा अर्धा तुकडा ब्रह्मदेशाच्या वाटेवर कुठंतरी पडलेला होता. त्या फटीतून हवा निसटायची. प्रत्येक सुराआधी एक बारीकसं 'फिस्स' यायचं. आणि हसला की ते फिस्स आधी यायचं, हसू मागून. एवढं सगळं आठवतंय, मग बाजू का आठवू नये?

बँडचं नाव 'नसती उठाठेव'. हे नाव मनमोहनच्या आईनं ठेवलं, म्हणजे ठेवलं असं नाही, ती दिवसातून दहादा म्हणायची आणि यांनी ते उचलून ढोलावर रंगवलं. सन अडतीस, गिरगाव, मनमोहन वीस वर्षांचा. मामा गोदीत कारकून होता. एकदा त्यानं कुठल्याशा बोटीवरच्या खलाशाकडून एक तबकडी आणली, दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्या तरी बंदरावरच्या वादकांची. सांबा म्हणतात त्याला, एवढंच मामाला ठाऊक. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. पण एक गोष्ट लख्ख कळत होती, की ही माणसं कुणाची तरी यथेच्छ टिंगल करताहेत, आणि ज्याची करताहेत तो बडा माणूस आहे. तिसरं कडवं संपलं की वाद्यं एकदम थांबायची, चार मात्रा सगळं रिकामं, आणि त्या रिकाम्यात एक माणूस खदखदून हसायचा. मग चौथं कडवं. गाण्याच्या मध्ये माणूस हसतो! गिरगावात तोवर कुणी गाण्याच्या मध्ये खोकलासुद्धा नव्हता. मनमोहननं पेटी घेतली, दादरच्या हेरंबनं ढोल घेतला, लालबागचा दत्ताराम बुलबुलतरंग घेऊन आला, आणि त्या सांब्यावर मराठी शब्द बसवून यांनी गणपतीच्या मेळ्यात घरमालकाची, मामलेदाराची, हुंडा घेणाऱ्या नवरदेवाची, आणि एकदा तर खुद्द मेळ्याच्या अध्यक्षांच्या घोरण्याची अशी काही उडवली, की लोक पोट धरून हसले आणि अध्यक्षांनी तीन वर्षं यांना मांडवात पाऊल टाकू दिलं नाही. शेहेचाळीस साली शामराव पलटणीतून सुटून आला, वरळीच्या बीडीडी चाळीत राहायला, गिरणीत बदली कामगार. त्याला बँडमध्ये घेतला तेव्हा गिरगावच्या त्याच मंडळींनी विचारलं, "हा कुठला? याची जात कुठली?" यांनी त्या प्रश्नावरच गाणं केलं, मांडवासमोर उभं राहून म्हटलं, आणि पेटी-ढोल उचलून जे लालबागला दत्तारामच्या तळमजल्यावरच्या खोलीत गेले ते परत गिरगावात वाजवायला आले नाहीत. मनमोहनच्या घरी मात्र शामरावसाठी कप वेगळा होता. तो वेगळा कप शामराव मुद्दाम सगळ्यांत आधी मागून घ्यायचा, "माझा सरकारी कप कुठाय?" म्हणून. मनमोहन हसायचा. आईला काही बोलला नाही तो. आता आठवलं की त्याचे कान तापतात.

बँडचे नियम दोनच. तालमीला उशीर झाला तर भजी आणायची, सगळ्यांना पुरतील एवढी, आणि लगेच, आल्या पावली. दुसरा नियम पाणउताऱ्याचा. कुणी बँड सोडून चालला, बदली होऊन म्हणा, लग्न करून म्हणा, की त्याला तुपाच्या उपड्या डब्यावर बसवायचं, गळ्यात कांद्याची माळ घालायची, आणि त्याचे सगळे दोष त्याच सांब्यात त्याच्या तोंडावर म्हणायचे. त्यानं उठायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. बावीस वर्षांत अकरा जणांचा पाणउतारा झाला. काही रडले, पण उठला एकही नाही. त्यातला एक जण नागपूरहून पत्र पाठवतो की इथं मला सगळे फार मान देतात, करमत नाही. चौथ्या कडव्याआधी हसायचं काम शामरावचं. त्याच्याइतकं कुणाला जमतच नव्हतं, त्या दातामुळं. तो म्हणायचा, "माझा पाणउतारा कराल तेव्हा हसणार कोण रे भाड्यांनो? मलाच हसावं लागेल."

आणि त्याचाच राहिला.

छप्पन सालचा जानेवारी. मुंबई तोडायचं जाहीर झालं होतं, गिरणगाव पेटलेलं होतं, पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या. तालीम दुपारी चारची. नवं गाणं मुंबईवरून भांडणाऱ्या सगळ्यांवर होतं, आपल्याही पुढाऱ्यांना त्यात सोडलं नव्हतं. हेरंब म्हणत होता, आज नको. मनमोहन म्हणाला, "बाहेर सगळे गंभीर झालेत म्हणून आपणही व्हायचं काय?" शामराव पाच वाजता आला. वरळीहून गल्लीबोळांतून चालत, घामाघूम. दत्ताराम म्हणाला, "ऱ्हवांदे, मास्तर, आज भजी नको." आणि मनमोहन, पेटीचा भाता दाबत, मान वर न करता म्हणाला, "नियम तो नियम." एवढंच. तीन शब्द. शामराव हसला. फिस्स करून हसला, ट्रंपेट खुंटीला टांगली आणि गेला. गल्लीच्या टोकाशी भजीवाला अर्ध्या फळ्या लावून तळत होता, वास खोलीपर्यंत येत होता. मग आवाज आले. पहिल्यांदा हेरंबला वाटलं फटाके. शामराव कोपऱ्यावर सापडला तेव्हा तिथला मोर्चा पोलीस उधळत होते, माणसं सैरावैरा धावत होती, आणि कुणीतरी ओरडलं, "आपला माणूस पडला! पुढं होता, छातीवर गोळी घेतली!" या तिघांनी ते ऐकलं. तिघांपैकी एकही 'नाही' म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. तेराव्या दिवशी मनमोहननं गाणं लिहिलं, उघड्या छातीचं, पुढं पडलेल्या पावलाचं, आणि खरं सांगायचं तर चांगलं लिहिलं. लोक ऐकून रडायचे. परळपासून माहीमपर्यंत एक सभा त्याच्यावाचून झाली नाही. निवडणुकीत तर दिवसाला चार-चार वेळा. हेरंबनं सगळ्यांना पांढरे सदरे शिवून घेतले. 'नसती उठाठेव'ला लोक आदरानं चहा पाजू लागले, पुढची खुर्ची देऊ लागले. चार वर्षांत त्यांच्यावर कुणी चिडलं नाही, कुणी दगड मारला नाही, आणि चार मात्रांची ती रिकामी जागा कुठल्याच गाण्यात उरली नाही. सरोजिनी, म्हणजे मनमोहनची बायको, एकदा सहज म्हणाली, "पूर्वी दाढी करताना काहीबाही गुणगुणायचात. आता गप्प गप्प असता." त्यावर तो तिच्यावर उगीचच ओरडला.

ट्रंपेट त्याच्या कपाटात होती. चार वर्षं, जुन्या धोतरात गुंडाळून. राधाबाईला, शामरावच्या बायकोला, ती परत द्यायची कशी? ती पहिलं हेच विचारणार, की हे मोर्च्यात होते तर वाद्य खुंटीला कसं राहिलं? म्हणून दिली नाही. आज देऊ, उद्या देऊ. एकदा तो ती घेऊन निघालाही होता, सातरस्त्यापर्यंत गेला आणि परत आला.

परळहून तो तसाच चालत वरळीला गेला. फोटो मागायला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दाताचा एखादा फोटो असेल तर पेंटरला दाखवू. राधाबाई नुकतीच गिरणीतून आली होती, वाइंडिंग खात्यातून, केसांत कापसाचे तंतू होते. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि खाली छोट्या चौकटीत शामराव. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. "बसा मास्तर. लई दिवसांनी." तिनं चहा टाकला. त्याला दिला तो कप आणि तिनं घेतला तो, दोन्ही सारखे होते. मनमोहननं कप तसाच हातात धरला. "वहिनी, शामरावचा हसताना फोटो आहे का एखादा?" ती हसली. "हसताना? फोटोवाला म्हणाला, तोंड मिटा, दात वाईट दिसतो. लग्नातबी मिटलेलं, पलटणीतबी मिटलेलं. त्यो दात काय कागदावर नाय कुठं." मग म्हणाली, "उजवा होता. कणीस खायचे तर डाव्या अंगानं खायचे." उजवा! मनमोहनच्या डोळ्यांत एकदम पाणीच आलं आणि ते दिसू नये म्हणून तो कपात बघत बसला. "मास्तर," राधाबाई म्हणाली, "त्यांची पिपाणी कुठं असंल हो?" ट्रंपेटला शामराव घरात पिपाणी म्हणायचा. मनमोहनच्या तोंडून शब्द आपसूक निघाले. "त्या गडबडीत गेली असेल वहिनी. शोधली आम्ही." ती त्याच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. चूल पेटते की नाही हे बघत बाई बसते ना, तशी. "बरं," ती म्हणाली. "आणखी काय सांगायचं होतं का?" जिन्यात पोरं पताका बांधत होती, एकमेकांवर ओरडत होती. आता सांग, आता सांग, असं त्याचं काळीज ठोके देत होतं. "नाही," तो म्हणाला. "परवा यायचं हं वहिनी. गाडी येईल न्यायला." जिना उतरताना त्याला स्वतःची एवढी किळस आली की खालच्या नळावर त्यानं तोंड धुतलं, दोनदा.

संध्याकाळी लालबागला दत्तारामच्या खोलीत तो म्हणाला, "आपण पाणउतारा करू या त्याचा. परवा. स्टेजवर." हेरंब ढोलाच्या दोऱ्या आवळत होता, तो थांबला. "मन्या, डोकं ठिकाणावर आहे ना? मांडवात दहा हजार माणूस असेल. त्याची बायको समोर बसणार. तिला काय सांगणार, तुझा नवरा भज्यांपायी गेला? चार वर्षं ती हुतात्म्याची बायको म्हणून मान ताठ करून जगली, ते काढून घेणार तू तिच्याकडून?" हे खरं होतं. हे नेहमीच खरं असायचं, चारही वर्षं मनमोहन ह्याच वाक्याच्या आड लपला होता, आणि ते किती सोयीचं होतं हे आज हेरंबच्या तोंडून ऐकताना त्याला कळलं. "काढून घेईन असं तुला वाटतं, की आपली पुढची खुर्ची जाईल असं?" तो बोलून गेला. हेरंबचा चेहरा उतरला. दत्ताराम खुंटीकडे बघत होता, रिकाम्या. "माका विचारशात," तो हळूच म्हणाला, "तर मी चार वर्सां भजी खाल्लंय नाय." ठरलं काहीच नाही. मनमोहननं घरी येऊन कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

एक मेला संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. गुलाल, तुताऱ्या, गच्चीगच्चीतून बायका. हेरंबनं ठरल्याप्रमाणे पांढरे सदरे आणले होते. मनमोहनच्या हातात पेटी होती आणि काखेत एक पिशवी. "पिशवीत काय?" हेरंबनं विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, आणि ती त्यानं पेटीमागे सारली. ती का आणली, हे त्याला सांगता आलं नसतं. निघताना हात आपोआप कपाटाकडे गेला होता, बस. कुणीतरी भाषण केलं. मग कुणीतरी आणखी मोठं भाषण केलं. शामरावच्या तसबिरीवरचा पडदा बाजूला झाला, टाळ्या कडकडल्या, ओठ मिटलेला तो परका माणूस लोकांच्या डोक्यांवरून दूर बघत राहिला. "आता वीरपत्नी राधाबाई हार अर्पण करतील." राधाबाई पांढऱ्या लुगड्यात पायऱ्या चढून आली. कार्यकर्त्यानं पुढं केलेला हार तिनं घेतला नाही. पदराआडून तिनं वर्तमानपत्राचा पुडा काढला, तसबिरीखाली ठेवला आणि उलगडला. वास आला. चार वर्षांनी तोच वास, गरम तेलाचा, बेसनाचा. माणसांना वाटलं नैवेद्य असेल, कुणी कुणी हात जोडले. ती वळली, पेटीपाशी येऊन वाकली, आणि फक्त या तिघांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "शर्टाचं रक्त धुतलं तर गेलं, मास्तर. तेल नाय गेलं. खिशात पुडा होता. मला त्याच दिवशी कळलं."

"वहिनी..." हेरंबच्या तोंडून निघालं.

"चार वर्षं वाट बघितली. म्हटलं तिघांतलं कुणीतरी येईल, सांगंल. मी काय खाणार होते तुम्हाला?" तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "गोळीनं विचारलं नाय त्यांना, कुठं निघालास म्हणून. भजी आणायला निघालेला माणूस काय कमी मरतो? माझा माणूस नेलात तुम्ही, मास्तर. त्याच्या जागी ह्यो आणून बसवलात." तिनं तसबिरीकडे मान केली. "त्यांचा त्यो पाणउतारा राहिलाय. घरी रोज सांगायचे. तेवढा करा." आणि ती खाली जाऊन पुढच्या खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवून.

मांडव गाण्यासाठी शांत झाला होता. सगळ्यांना ठाऊक असलेलं ते गाणं. मनमोहननं पिशवी ओढली, धोतर सोडलं आणि ट्रंपेट काढली. पितळ काळं पडलं होतं. स्टेजखाली पाण्याचं एक रिकामं पिंप होतं, ते दत्तारामनं न सांगता पुढं आणून उपडं केलं. त्यावर मनमोहननं ट्रंपेट ठेवली. कांदे नव्हते, म्हणून त्यानं तो नाकारलेला हारच तिच्याभोवती गुंडाळला. समितीचा माणूस कोपऱ्यातून हातवारे करत होता, काय चाललंय काय. मनमोहननं हेरंबकडे पाहिलं. हेरंब मान खाली घालून बसला होता. मग त्यानं पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, आणि ढोलावर बोटं पडली, आधी अडखळत, मग ठीक, आणि चार वर्षांनी तो जुना सांबा परळच्या चौकात सुरू झाला.

"शामराव, किती वाजले रे, शामराव, किती वाजले? चारची वेळ दिली तर पाच कसे रे वाजले?" माणसं एकमेकांकडे बघू लागली. दुसऱ्या कडव्यात दात आला, उजवा, फटीतून पळणारा सूर आला, डाव्या अंगानं खाल्लेलं कणीस आलं. मागून कुणीतरी ओरडलं, "ए, हुतात्म्याची चेष्टा करता? उतरा खाली!" एक नारळाची करवंटी येऊन पेटीवर आदळली. मनमोहननं पेटी थांबवली नाही. तिसरं कडवं त्यानं तिथल्या तिथं केलं, ते कुठंही लिहिलेलं नव्हतं. "उशीर त्याचा तासाचा, उशीर माझा चार वर्षांचा. भजी आण म्हणालो मी रे, नियम माझा, जीव त्याचा." गर्दीतला गलका हळूहळू बसला. कुणाला सगळं कळलं, कुणाला काहीच नाही. मनमोहनचे गाल ओले झाले होते आणि ते त्यानं पुसले नाहीत.

तिसरं कडवं संपलं. हेरंबचे हात उचलले गेले, दत्तारामनं तारांवर पंजा ठेवला, पेटी थांबली. चार मात्रा. कधी एवढ्या लांब वाटल्या नव्हत्या. एक. पिंपावरची ट्रंपेट गप्प होती. दोन. दहा हजार माणसं गप्प होती. तीन. आणि पुढच्या खुर्चीतून, पदर तोंडाला लावायचंही विसरून, राधाबाई हसली. मोठ्यानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना, वर्षानुवर्षं शामरावचं हसू शेजारी ऐकलेल्या बाईसारखी, आधी बारीकसं फिस्स, आणि मग हसू. मनमोहननं पेटीचा भाता ओढला आणि चौथं कडवं सुरू केलं.